मागे जाण्याआधी थांबायचं

भातकापणी आटोपली, उडव्या रचून झाल्या. आता कुणाकडे वायंगणाची तयारी चालू असेल, कुणाच्या माडाच्या बागेत साफसफाई. या दिवसांत गटाची यंत्रं या वाडीतून त्या वाडीत सारखी फिरत असतात. म्हणून आज आम्ही एका छोट्या गोष्टीवर बोलणार आहोत. ती म्हणजे बॅटरीवर चालणारा बागेतला छोटा ट्रॅक्टर मागे घेणं, म्हणजेच रिव्हर्स. पुढे चालवायला आम्ही सगळ्याजणी दोन दिवसांत शिकलो. मागे घ्यायला मात्र नुकसान सोसून शिकलो. ते नुकसान तुमच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी ही गोष्ट सांगतो.

गेल्या वर्षी मिरगाच्या आधीची गोष्ट. आमच्या गटातली एक ताई माडांच्या दोन ओळींमधून गाडी नेत होती. समोर गडगा आला. तिने पायातला वेग सोडला आणि गाडी पुरती थांबायच्या आत मागे जायचा स्विच फिरवला. जोरात हिसका बसला, फट् असा आवाज झाला, जळका वास आला आणि गाडी जागीच मेली. ताईला लागलं नाही, हे नशीब. पण ऐन पेरणीच्या तोंडावर यंत्र बंद पडलं. दुरुस्तीला गटाची दोन महिन्यांची बचत गेली. आणि वाडीत जे बोलणं झालं, ते त्याहून जास्त लागलं. “बायकांच्या हातात यंत्र दिल्यावर दुसरं काय होणार?” ती ताई पुढच्या तीन बैठकांना आलीच नाही.

नंतर मेकॅनिकने उघडून दाखवलं, समजावून सांगितलं, तेव्हा आम्हाला कळलं की चूक तिच्या एकटीची नव्हती. गाडी घेतली तेव्हा पुढे कशी न्यायची ते अर्धा तास दाखवलं होतं. मागे घेताना काय करायचं नाही, ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. डिझेलच्या पॉवर टिलरवर हात बसलेल्या बाईला वाटतं, दोन्ही यंत्रं सारखीच. पण तशी ती नाहीत. डिझेलच्या यंत्रात क्लच दाबावा लागतो, गियर काढावा लागतो, दुसरा टाकावा लागतो. घाई केली तर गियर करकरतो, आत जात नाही. म्हणजे यंत्रच आपल्याला थांबायला लावतं. बॅटरीच्या गाडीत पुढे-मागे करायला अंगठ्याएवढा स्विच असतो. तो चालत्या गाडीतही सहज फिरतो. थांबायचं काम यंत्र करत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं.

आता चालती गाडी उलटी केली की नेमकं काय होतं ते बघू. विहिरीवरचा रहाट डोळ्यांसमोर आणा. भरलेली कळशी सुटली आहे, रहाट गरागरा फिरतो आहे, आणि त्याच क्षणी तुम्ही दांडा पकडून उलटा फिरवायला गेलात. मनगट मोडेल, नाहीतर दांडा तुटेल. मोटरचं तसंच होतं. त्यात आणखी एक भर पडते. फिरणारी मोटर नुसती वीज खात नाही, ती फिरताना स्वतःही वीज तयार करते आणि बॅटरीच्या विजेला उलटं ढकलत असते. आमच्या गाडीत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या आहेत, म्हणजे ४८ व्होल्ट. समजण्यापुरता हिशेब असा करा. गाडी वेगात असताना मोटर ४० व्होल्ट उलटे ढकलते. उरलेल्या ८ व्होल्टच्या जोरावर गाडी चालते. आता त्याच वेळी स्विच उलटा केला, की ते ४० व्होल्ट बॅटरीच्या विरुद्ध न राहता तिच्या बाजूने होतात. ४८ आणि ४० मिळून ८८. म्हणजे ८ च्या जागी ८८, अकरा पट धक्का! तेवढा प्रवाह तारांतून, स्विचमधून, मोटरमधून एकदम धावतो. स्विचच्या पट्ट्या ठिणग्या पडून वितळतात, कंट्रोलर नावाचा जो डबा विजेचा हिशेब ठेवतो तो जळतो, आणि चाकाकडे जाणाऱ्या दातेरी चक्रांना घणाचा घाव बसावा तसा हिसका बसतो. आमच्या गाडीत कंट्रोलर गेला आणि एका चक्राचे दोन दाते तुटले.

काही नव्या गाड्यांत हुशार कंट्रोलर असतो. गाडी पुरती थांबेपर्यंत तो उलटा हुकूम ऐकतच नाही. तुमची गाडी तशी आहे का, हे विकणाऱ्याला विचारा आणि माहितीपुस्तिकेत वाचून घ्या. स्वतः चालत्या गाडीत स्विच फिरवून बघू नका. आणि गाडी हुशार असली तरी सवय साधीच ठेवा, कारण उद्या तुम्ही दुसऱ्या गटाची गाडी चालवाल तेव्हा ती हुशार असेलच असं नाही.

तर पहिला नियम हा: रिव्हर्स म्हणजे ब्रेक नव्हे. थांबवायचं असेल तर ब्रेक दाबा. चाक पूर्ण थांबलेलं डोळ्यांनी बघा. मनात एक, दोन, तीन मोजा. मग स्विच फिरवा. मग वेगाच्या पायडलवर पाय ठेवा, तोही हळूहळू. विजेच्या मोटरला पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर असतो. डिझेलसारखी ती आधी धापा टाकत नाही. पाय जोरात पडला तर गाडी मागे उडीच मारते.

चढउतारावर आणखी एक काळजी घ्यायची. सड्यावरच्या काजूच्या बागेत, नाहीतर मळ्यातून घाटीवर येताना, पायडल सोडलं की गाडी जागेवर उभी राहील असं धरून चालू नका. पुष्कळ गाड्या घरंगळतात. घरंगळती गाडी म्हणजे चालतीच गाडी. अशा वेळी आधी हातब्रेक ओढा, गाडी धरून ठेवा, मग दिशा बदला.

देवबाग-तारकर्लीकडच्या पुळणीत वेगळीच अडचण येते. वाळूत चाक रुतलं की आपण पुढे-मागे, पुढे-मागे असे हिसके देतो. बॅटरीच्या गाडीला हे फार महागात पडतं. चाक अडकलेलं असताना मोटर फिरत नाही. फिरत नाही म्हणून ती उलटं ढकलतही नाही, आणि सगळा प्रवाह उष्णता होऊन आतच राहतो. दहा-वीस सेकंदांतही मोटर आतून भाजून निघू शकते. म्हणून चाक रुतलं की थांबा. स्विच बंद करा, चाकामागची वाळू फावड्याने काढा, चाकाखाली माडाची चुडतं आडवी घाला आणि एकाच दिशेने, संथपणे गाडी बाहेर काढा. दोघीतिघींनी धक्का द्यायचा तर बाजूने द्यायचा. ज्या दिशेला गाडी जाणार, तिथे कुणी उभं राहायचं नाही.

इथवर झालं यंत्राचं नुकसान. यंत्र दुरुस्त होतं. पण मागे जाताना आणखी दोन नुकसानं होतात, ती कधी कधी दुरुस्त होत नाहीत. एक झाडाचं आणि दुसरं माणसाचं.

झाडाचं आधी घेऊ. गाडीच्या मागे रोटरी, नाहीतर गवत कापायचं पातं लावलेलं असतं. ते फिरत असताना मागे गेलात, तर मागे काय येतंय ते दिसायच्या आत ते कापून टाकतं. ठिबकच्या नळ्या गुंडाळल्या जातात, आळ्याची कड फुटते, मुळं तुटतात. माडाची कामाची बरीचशी मुळं बुंध्यापासून साधारण दोन मीटरच्या आत असतात. म्हणून तेवढं अंतर सोडूनच यंत्र चालवावं. आणि माडाच्या बुंध्याला धक्का लागला, खोक पडली, तर ती जखम आंब्याच्या सालीसारखी भरून येत नाही. ती तशीच राहते आणि त्या वासावर लाल सोंड्या भुंगा येतो. तो जखमेत अंडी घालतो, अळ्या आतून खोड पोखरतात. बाहेरून झाड हिरवं दिसतं आणि एक दिवस शेंडा कलतो. आपण म्हणतो, माडाला काय झालं कोण जाणे. कदाचित झालेलं असतं ते एवढंच, की सहा महिन्यांपूर्वी कुणीतरी न बघता गाडी मागे घेतली होती. चुकून जखम झालीच तर ती लपवू नका. साफ करून त्याच दिवशी डांबर किंवा बोर्डो पेस्ट लावा. हापूसच्या नव्या कलमाचं तर बोलायलाच नको. जोड जमिनीलगत असतो, चाकाचा एक धक्का लागला तरी चार वर्षांची मेहनत जाते.

म्हणून दुसरा नियम: मागे जाण्याआधी अवजार बंद करायचं, उचलायचं आणि पातं फिरायचं थांबलेलं बघायचं. बटण बंद केलं तरी पातं काही क्षण फिरतच राहतं.

आता माणसाचं बघू. डिझेलचा पॉवर टिलर येतो तेव्हा अख्ख्या वाडीला कळतं. कोंबड्यासुद्धा बाजूला होतात. बॅटरीची गाडी आवाज करत नाही. तोच तिचा गुण आहे. बोलता येतं, कान दुखत नाहीत, धूर नाही. पण तोच तिचा धोकाही आहे. खळ्यात खेळणारं पोर, वाकून पाला गोळा करणारी सासूबाई, कान मंद झालेले आजोबा यांना गाडी मागून येते आहे हे कळतच नाही. बसलेल्या बाईलाही आपल्या पाठीमागची जमिनीलगतची जागा दिसत नाही. दोन वर्षांचं मूल त्या न दिसणाऱ्या जागेत सहज मावतं. परदेशात बागेतल्या गवत कापायच्या गाड्यांखाली मुलं सापडण्याचे प्रकार घडले, तेव्हा तिथे गाडी मागे जाऊ लागली की पातं आपोआप बंद पडेल अशी सोय करण्याची पद्धत पडली. आपल्या गाडीत अशी सोय असेल तर ती कधीही तोडू नका, तार जोडून चुकवू नका. मागे जाताना वाजणारा भोंगा कटकट वाटतो म्हणून काही जण काढून टाकतात. ती कटकट नाही, ती गाडीची जीभ आहे.

आमच्या गटाने यावर एक साधा उपाय केला. लग्नात नवरीबरोबर पाठराखीण जाते ना, तशी गाडीबरोबर पाठराखीण ठेवली. एकजण गाडी चालवते, एकजण पाठराखीण असते. तिने गाडीच्या मागे उभं राहायचं नाही. बाजूला, चालवणारीला दिसेल असं उभं राहायचं. तिने हात वर केला की थांबायचं. ती दिसेनाशी झाली तरी थांबायचं. आणि “थांब” हा शब्द कुणीही उच्चारला, अगदी शाळकरी पोराने जरी, तरी आधी थांबायचं, का ते मग विचारायचं. आमच्याकडे कुणी “फाटी बघ गो!” अशी हाक घातली की हसू येतं, पण पाय मात्र ब्रेकवर जातो.

विहिरींबद्दल वेगळं सांगायलाच हवं. आपल्या बागांतल्या कितीतरी विहिरींचा कठडा गुडघ्याएवढाच असतो, काहींना तोही नसतो. कडेची माती पावसाने पोकळ झालेली असते. अशा विहिरीकडे पाठ करून गाडी मागे घेऊ नका. काम सुरू करायच्या आधी बाग पायी फिरा. विहिरीभोवती चांगलं अंतर सोडून चुन्याची रेघ मारा. माडांच्या आळ्यांबाहेर, पाटाच्या कडेला, मेरेच्या काठाला तशाच रेघा मारा. मागे जाताना चाक रेघेवर आलं की पाठराखिणीने हात वर करायचा.

काही गटांकडे बसायची गाडी नसेल, हाताने धरून चालवायचं टिलर किंवा वीडर असेल. त्यांनी हे नीट ऐका. हे यंत्र मागे घेताना आपण उलट्या पावली चालतो आणि यंत्र आपल्या अंगावर येत असतं. मागे माड असला, गडगा असला, तर बाई दांडा आणि भिंत यांच्यामध्ये चेपली जाते. पाय मेरेला अडखळला तर पडते आणि फिरती पाती तिच्याकडे येतात. म्हणून पाती बंद केल्याशिवाय मागे यायचं नाही. मागे यायचंच तर दोन-चार पावलं, तीही आधी मान वळवून बघून. मूठ सोडली की यंत्र थांबतं का, हे रोज सकाळी मोकळ्या जागेत तपासा. थांबत नसेल तर त्या दिवशी यंत्र बाहेर काढू नका. साडीचा पदर खोचलेला, ओढणी बांधलेली, पायात बंद बूट, हे तर हवंच.

मागे ट्रॉली लावली असेल तर आणखी गोंधळ होतो. शेणखताची ट्रॉली डावीकडे न्यायला जावं तर ती उजवीकडे पळते. याची एक सोपी खूण आहे. स्टिअरिंगचं चाक वरून न धरता खालून धरा. ट्रॉलीचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचं, त्याच बाजूला तो खालचा हात न्या. थोडं-थोडंच फिरवा. गाडी आणि ट्रॉली कात्रीसारखी मिटायला लागली, तर आणखी मागे ढकलू नका. जोडणी वाकते, टायर फाटतो. थांबा, पुढे जाऊन दोन्ही सरळ करा, पुन्हा सुरुवात करा. यात कमीपणा नाही. आम्ही अजून तीन-तीनदा करतो.

आणि मैत्रिणींनो, सगळ्यात चांगलं रिव्हर्स म्हणजे जे घ्यावंच लागत नाही ते. औत धरणारे आपले वाडवडील शेताच्या टोकाला वळायला जागा सोडत. तशी जागा सोडा. ओळीच्या टोकाला थांबून मागे येण्यापेक्षा वळसा घालून दुसऱ्या ओळीत शिरा. संध्याकाळी गाडी खोपीत लावताना तोंड बाहेर करून लावा, म्हणजे सकाळी घाईत मागे घ्यावी लागणार नाही. आणि सकाळी निघताना चार्जिंगची वायर काढली आहे का बघा. वायर लागलेली असताना गाडी हलवली, की प्लग तुटतो आणि उघड्या तारा लोंबतात.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना खाऱ्या वाऱ्याचा त्रास आहेच. बॅटरीच्या टोकांवर आणि स्विचच्या जोडांवर पांढरा-हिरवा थर चढतो. मग स्विच फिरवला तरी लागत नाही आणि अचानक लागतो. महिन्यातून एकदा मुख्य स्विच बंद करून टोकं तपासा. साधी आम्लाची बॅटरी असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, पाणी आत जाऊ देऊ नका, कोरडं करा, व्हॅसलीन लावा. हे करताना धातूच्या बांगड्या, पाटल्या, मंगळसूत्र काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये सोन्याची पाटली आली तर ती क्षणात तापते आणि हात भाजतो. जळका वास किंवा धूर आला तर मुख्य स्विच बंद करून दूर व्हा, झाकण उघडू नका, पाणी ओतू नका.

ही यंत्रं नवी वाटली तरी कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६९ साली ‘एलेक-ट्रॅक’ नावाचे बॅटरीवरचे बागेतले ट्रॅक्टर बाजारात आणले होते. त्यातल्या मोठ्या गाड्यांत ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, म्हणजे ३६ व्होल्ट असत. आपल्याकडे दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने २०२३ मध्ये ‘प्राइमा ईटी-११’ हा छोटा विजेवरचा ट्रॅक्टर पुढे आणला. महिला शेतकऱ्यांना सहज चालवता यावा, हा विचार त्याच्या रचनेत केलेला आहे. म्हणजे यंत्र बायकांसाठी नाही, असं म्हणायचे दिवस गेले. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिला शेतकऱ्यांना बऱ्याच अवजारांवर, ठरलेल्या मर्यादेत, किमतीच्या निम्म्यापर्यंत अनुदान आहे. त्यासाठी महाडीबीटीवर अर्ज करता येतो. पण अनुदानाबरोबर शिकणंही मागून घ्या. आपल्या मालवण तालुक्यातच किर्लोसला कृषी विज्ञान केंद्र आहे. गटाने मिळून तिथे विचारा, यंत्र चालवायचं प्रशिक्षण मागा. आणि दाखवणाऱ्याला स्पष्ट सांगा, पुढे नेणं नंतर दाखवा, आधी थांबवणं आणि मागे घेणं दाखवा.

आमच्या गटाने आता खोपीच्या दारावर खडूने चार शब्द लिहिले आहेत: थांब, उचल, बघ, मग मागे. थांब म्हणजे चाक पूर्ण थांबव. उचल म्हणजे अवजार बंद करून वर घे. बघ म्हणजे मान वळवून बघ आणि पाठराखिणीकडे बघ. हे तिन्ही झाल्यावर मगच मागे. आणि बैठकीच्या वहीत एक ठराव लिहिला आहे. नीट शिकवल्याशिवाय कुणाच्या हातात किल्ली द्यायची नाही, आणि शिकवूनही चूक झाली तर खर्च गटाचा, टोमणा कुणाचाच नाही. ज्या बाईला दंडाची भीती असते ती चूक लपवते आणि अर्धं मोडलेलं यंत्र दुसरीच्या हातात जातं. त्यात माणूस जाऊ शकतं.

ते चार शब्द खडूने कुणी लिहिले माहीत आहे? त्याच ताईने. चौथ्या बैठकीला आम्ही सगळ्याजणी तिच्या घरी गेलो, तिला घेऊन आलो. आज गटात नवीन बाईला गाडी मागे घ्यायला तीच शिकवते. कारण चालत्या गाडीत स्विच फिरवला की काय होतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

तुमच्या गटात यंत्र असेल तर येत्या बैठकीत हे वाचून दाखवा आणि दाराजवळ ते चार शब्द लिहा. पुन्हा भेटू. सांभाळून काम करा.